शंभरातला एक

पनवेल, ४ फेब्रुवारी, मंगळवार

नणंदबाय शांती हिला,

घाबरू नको, मी जिवंत हाय. मेले असते तर पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं असतं आणि तू ते चहाबरोबर मजेत वाचलं असतंस. फोन तू कापतेस. पत्र कापता येत नाय. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू एक नजर टाकणारच. तुझी ती खोड मना शाळेपासून ठाऊक हाय. सातवीत गुरुजी आले तवा माझी चिठ्ठी तू आधी वाचलीस आणि मग गिळलीस.

तुझा भाऊ आनंदा मी मारला, असं तू एकोणीस वर्षं सांगत फिरतेस. सांग. आज त्यावर भांडायला बसले नाय.

प्रितेश दवाखान्यात हाय. वीस जानेवारीला पोर्टवरनं सुटला आणि उरण रोडला ट्रेलरनं बाइकला घासलं. हेल्मेट होतं. हँडलला टांगलेलं. डोक्यात रक्त साकळलं, ऑपरेशन केलं, कवटीचा एक तुकडा काढून ठेवलाय. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकातून जेवणाची नळी. आज पंधरा दिवस झाले. डोळे उघडतो. बगत कुठंच नाय. तुझ्या सासूबाई बोलायला लागल्या की तू बगायचीस ना, तसा.

त्याची बायको अंकिता सत्तावीस वर्षांची पोरगी. ती भिंतीला टेकून बसते आणि मोबाइलवर त्याचे जुने फोटो बगते. मी तिला हसवायला जाते, तर ती आणखीच रडते. माझा धंदाच बसला, बाय.

इथं एक डॉक्टरीण हाय, भाविका नावाची. एवढीशी हाय, पण चालते अशी जशी मागं कुत्रा लागलाय. तिला मी इचारलं, "पोऱ्या उठंल का?" तर ती बोलली, "आई, आम्ही त्याचं रोजचं रक्त बघतोय."

मी बोलले, "रक्त काय बोलतं का?"

"थोडंफार," ती बोलली.

रोज सकाळी मनिषा सिस्टर येते आणि जांभळ्या, पिवळ्या, राखाडी टोपीच्या तीन नळ्या भरून नेते. ती तुमच्या उरणचीच. मी तिला ढेकूण म्हणते. ती रागवत नाय.

तू प्रितेशची आत्या. त्याच्या पाचवीला काजळाचं बोट तूच लावलंस. एकदा येऊन जा. माझ्याशी बोलू नको, मी तोंडाला कुलूप लावीन.

तुझी, तुला नको असलेली,
सुमती


९ फेब्रुवारी, रविवार

शांतीबाय,

आली नायस. बरं.

भाविका डॉक्टरनं मना आज नीट समजावलं. मी तिच्या हातात बोरं ठेवली, म्हणून तिला उभं राहावं लागलं. तिचं म्हणणं असं, की हे रक्त काय खास नाय, तापाला काढतात तेच. साखर, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सोडियम, आणि एक अल्ब्युमिन म्हणून अंगातलं सत्त्व असतं ते. पण डोक्याला मार लागलेल्या शेकडो माणसांचं हे रक्त त्यांनी लिहून ठेवलंय, आणि सहा महिन्यांनी ती माणसं कशी होती तेही. त्यावरनं अंदाज बांधतात. वय, डोळ्याची बाहुली, हातापायाची हालचाल, हेही त्यात धरतात.

मी बोलले, "मग प्रितेशचा अंदाज सांग."

ती नको नको म्हणाली. मी आणखी बोरं काढली. मग बोलली, "याच्यासारखे शंभर असले, तर पंचेचाळीस जण सहा महिन्यांनी आपल्या हातानं जेवतात."

"मना शंभर नाय गो, एकच हाय."

ती हसली आणि तिनं लगेच रक्ताचा कागद पुढं केला. "तेच तर, आई. एकट्याचं आम्हाला सांगता येत नाही."

तिनं अल्ब्युमिनवर बोट ठेवलं. दोन पॉइंट चार. साडेतीनच्या वर पायजे. अंकितानं तो आकडा हातावर पेनानं लिहून घेतला. तिचे वडील धर्मराज, म्हणजे माझे व्याही, डब्याच्या वेळी रोज येतात. ते बोलले, "आकडे कशाला? गावदेवीला कौल लावू. उजवा पडला तर ठेवू, डावा पडला तर घरी नेऊ. पोरीचे हाल बगवत नायत." माणूस वाईट नाय. पोरीचा बाप हाय.

अंकितानं माझ्याकडे पायलं. मी पाणी आणायला गेले.

नळीतून जेवण द्यायचं मना मनिषानं शिकवलंय. दूध, डाळीचं पाणी, अंड्याचं पांढरं, गाळून, उशी उंच करून, हळूहळू. डाळीचं पाणी! आपल्या घरात बाळंतिणीला, तापातनं उठलेल्याला काय देतात ते तुला सांगायला नको. तुझ्या पहिल्या बाळंतपणात मीच दगडावर वाटून दिलं होतं. मी काय ठरवलंय ते लिहीत नाय. तू लगेच कुणाला तरी सांगशील.

ये गो.

सुमती


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शांती,

प्रितेशला ताप हाय. एकशे तीन. छातीत घरघर. परत आत नेला, काचेच्या पलीकडे.

पांढऱ्या पेशी अकरा हजार होत्या, त्या बावीस हजार झाल्या. साखर चढली. अल्ब्युमिन आणखी उतरलं. भाविका डॉक्टरनं कागदाकडे बगून नुसतं "हं" केलं. मी इचारलं, "आता शंभरात किती?" ती बोलली, "आज नको, आई." मी खोदलं. बोलली, "तिसाच्या खाली."

व्याही तिथंच होते. बोलले, "बगा, आता डॉक्टरपण सांगतायत."

मी गप बसले की लोक घाबरतात, तुला ठाऊक हाय. अंकिता मना बोलली, "आई, तुमी काय तरी बोला ना."

मी तुला दुसरंच सांगते. आनंदा गेला त्या वेळेला बेशुद्धीत तो एक आवाज काढायचा, आठवतं तुला? हूं... हूं... दवाखान्यात, आणि घरी आणला तवाही. तो आवाज गेला नाय, बाय. एकोणीस वर्षं. मिक्सर बंद करताना शेवटी येतो. पाण्याचा पंप सुरू होतो त्याच्या आधी येतो. प्रितेशच्या लग्नात बँडवाले सूर लावत होते, तवा आला, आणि मी सगळ्यांना बोलले मना उलटी होतेय, म्हणून मांडवाच्या मागं गेले. आता या काचेमागं श्वासाचं मशीन हाय. त्यात तो सकाळपासून हाय. मनिषाला मी इचारलं, "तुला ऐकू येतं का?" ती बोलली, "मशीनच तसं हाय, मावशी." मी हसले. तिला वाटलं मी गंमत करते.

कौल येत्या मंगळवारी लावायचं ठरतंय. आपल्या घरचा कौल मागायला घरची माहेरवाशीण पायजे, ती तूच एक उरलीस. व्याही तुला बोलवायला येतील. एकोणीस वर्षांपूर्वी तू पोटुशी होतीस, नववा लागलेला, म्हणून तुझ्या जागी मी गेले.

तू जाऊ नको. का, ते इचारू नको. माझं कवा काय ऐकलं नायस, हे ऐक.

सुमती


१६ फेब्रुवारी, रविवार

शांती,

व्याही उद्या तुझ्याकडे येणार, म्हणून हे पत्र मनिषाच्या हातानं पाठवते. पोस्टाला वेळ नाय. पत्र आतून चिकटवलंय. मनिषाला बोलले, उघडलंस तर सुईनं तुझंच रक्त काढीन.

आधी छोटी गोष्ट सांगते.

प्रितेशला मी चिंबोऱ्यांचा रस दिला. बुधवारी आणि परत गुरुवारी दुपारी. खाडीच्या काळ्या चिंबोऱ्या, नांग्यांसकट ठेचून, जुन्या लुगड्यातून दोनदा गाळलेला. अल्ब्युमिन वाढावं म्हणून. डॉक्टरच्या कागदावर आकडा चढला की अंकिता घरी न्यायचं बोलणार नाय, असं मना वाटलं. कागदाला खूश करायला गेले. मनिषा जेवायला गेली तवा घाईत दिला, उशी उंच केली नाय, कारण उशी उंच करायला गेलं की पलंग करकरतो आणि बाजूच्या पेशंटची बायको वळून बगते. त्याला उलटी झाली आणि ती छातीत गेली. ताप त्याचा.

दोन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाय. काल दुपारी भाविका डॉक्टरला जिन्यात गाठलं आणि सांगितलं. ती माझ्यावर ओरडली. बरोबर ओरडली. "तुम्ही मारलं असतंत त्याला!" अशी ओरडली. ते शब्द तुझे, आवाज तिचा. मी जिन्याच्या पायरीवर बसले.

मग तीही बसली. बोलली, "हे आधी सांगायला हवं होतं. हे वाढलेले आकडे मी डोक्याचे समजत होते. ते छातीचे आहेत. छाती बरी होऊ शकते." मग बोलली, "तुम्ही सांगितलं नसतंत, तर मी शुक्रवारच्या कागदावर विश्वास ठेवून अंकिताला घरी न्या म्हटलं असतं."

मी बोलले, "मग शंभरात किती?"

"ताप उतरल्यावर. आणि यापुढे तुमच्या हातात नळी नाही. तुम्ही सांगाल ते मी दुसऱ्याला विचारून मगच खरं धरीन." मग वॉर्डात मनिषाच्या आणि सगळ्यांच्या समोर तिनं हे परत बोलून दाखवलं.

आता मोठी. हातपाय धुऊन वाच, नाय तर बसून वाच.

आनंदाचा कौल उजवा पडला होता.

गाभाऱ्यात मी आणि म्हातारा गुरव, दोघंच. त्याला मोतीबिंदू, देवीचं तोंडसुद्धा हातानं चाचपून धुवायचा. ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. त्यानं गाऱ्हाणं घातलं. किती वेळ गेला. मग उजवीकडची कळी सुटली आणि खाली पडली, नीट, माझ्या डोळ्यांसमोर. म्हाताऱ्यानं इचारलं, "काय पडलं गो?"

मी बोलले, "डावं."

का बोलले ते मी हजार वेळा बनवून पायलंय. पोऱ्या नऊ वर्षांचा होता म्हणून, डॉक्टर काय सांगत नवता म्हणून. सगळं खरं, आणि त्यातलं एकही खरं नाय. मी भ्याले. त्या आवाजाला भ्याले. आठ दिवस हूं हूं ऐकून मना वाटलं, हा उठला आणि असाच राहिला तर आपण चाळीस वर्षं हे ऐकायचं. बस, एवढंच. आयुष्यभर मी थापा मारल्या, तुला ठाऊक हाय, लोक हसले आणि पकडले. ही एक थाप कुणी पकडली नाय. गुरव गेला. देवी बोलत नाय.

आणखी हाय. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याचं तोंड पुसत होते, तवा त्यानं माझी बांगडी धरली. चुकून नाय. धरली आणि ओढली. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर येऊन सगळ्यांना चहा केला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

काल भाविकाला मी इचारलं, की एकोणीस वर्षांपूर्वीच्या माणसाचं रक्त काय बोललं असतं. तिनं कागद मागितले. कागद कुठले? बोलली, "कागद असते तरी त्या एकट्याचं मी सांगू शकले नसते."

म्हणजे मी मारला का नाय, हे मना कळणारच नाय, शांती. तू एकोणीस वर्षं बोलतेस ते खरं असंल. नसंलही. पण तू म्हणतेस त्याहून वाईट मी केलंय, आणि ते तुला ठाऊकच नवतं.

आता अंकिता तिथंच उभी हाय जिथं मी होते. तिचेही डोळे तसेच झालेत, मी ओळखते. तिला देवळात नेऊ नको. डावा पडला तर ती घरी नेईल. उजवा पडला तर ती काय बोलंल, हे तिला तरी ठाऊक हाय का?

हे पत्र चार लोकांत वाचून दाखवायचं तर दाखव. मी नाय म्हणणार नाय.

सुमती


२५ फेब्रुवारी, मंगळवार

शांती,

हे घाईत लिहिते. मनिषाची ड्यूटी चारला सुटते, तिच्या हातात देते. तू तिच्याशी तरी बोलतेस असं कळलं.

काल तू आलीस. मी तोंडाला कुलूप लावीन असं लिहिलं होतं आणि लावलं. तुझे केस पांढरे झाले त्यावर बोलायला जीभ किती वळवळली ते माझं मना ठाऊक. व्याह्यांना तू दारातनं परत पाठवलंस, "आमच्या घरचा कौल मी मागणार नाय" असं बोललीस, हे अंकितानं सांगितलं. का नाय, ते तू त्यांना सांगितलं नायस. ते मी धरून ठेवलंय.

तू माझ्याकडे न बगता त्याच्या पायाशी बसलीस. दोन तास त्याला शिव्या घातल्यास. "मेल्या, हेल्मेट डोक्यात घालतात, हँडलला नाय. मेल्या, आत्याच्या घरी यायला एवढं थोबाड फोडून घ्यावं लागलं?" मी स्टुलावर उलटी बसले होते, रडते ते दिसू नये म्हणून. मग जाताना तू दाराशी थांबलीस आणि भिंतीकडे बगून बोललीस, "बांगडी धरली होती, ते मना तवाच सांगायचं होतंस." बस. चपला घातल्यास आणि गेलीस. मी रात्रभर ते वाक्य उलटंपालटं केलं. त्यात माफी हाय का नाय ते कळलं नाय. इचारत नाय.

आता कामाचं ऐक.

ताप उतरलाय. पांढऱ्या पेशी बारा हजारांवर आल्या. अल्ब्युमिन दोन पॉइंट सहा, डाळीच्याच पाण्यावर. भाविका बोलते शंभरात चाळीस. येत्या शुक्रवारी अकराला ती आमाला सगळ्यांना बसवणार. अंकिता, व्याही, मी. पुढं डोक्याच्या व्यायामाचे उपचार, म्हणजे सहा महिने दवाखान्यात राहणं, का घरी नेणं, ते तवा ठरायचं. सही अंकिताची. चाळीस ऐकून ती बोलली, "म्हणजे साठ जण उठत नायत." ती घरी न्यायची, बाय. तिनं घरी खाटेसाठी जागा करायला सांगितलंय. मी बगते ना.

आणि काल मी एक पायलं.

तू पायाशी होतीस. मग ऊन तोंडावर येतं म्हणून उठलीस आणि खिडकीकडे गेलीस, पडदा ओढायला. मी मान वळवली, तर प्रितेशचे डोळे तुझ्यामागं गेले. मना वाटलं भास. मग तू परत आलीस, पिशवी उचलायला, तवा डोळे परत आले. तुझ्याबरोबर. पिशवीपर्यंत. मी स्टुलावरनं उठले तर माझ्याकडे नाय वळले. नऊ महिने पोटात मी ठेवला, आणि बगायला त्याला आत्याचं थोबाड लागतं. ते भांडण नंतर.

मी धावत भाविकाकडे गेले. तिनं टॉर्च आणला, बोट हलवलं, "वर बघा, प्रितेश, इकडे बघा." काय नाय. भिंत. ती मवाळ बोलली, "आई, कुटुंबातल्यांना असं बऱ्याचदा वाटतं." मी बोलले, "मना वाटलं नाय, मी पायलं." ती बोलली, "अजून कुणी पाहिलं?"

कुणी पायलं नाय. अंकिता औषधं आणायला गेली होती. तू आधी खिडकीकडे तोंड करून होतीस, मग पिशवीकडे. मी एकटी.

अंकिताला सांगितलं, तर ती बोलली, "आई, तुमी मना बरं वाटावं म्हणून बोलताय." व्याही हसले. चिंबोऱ्यांची गोष्ट सगळ्या वॉर्डाला ठाऊक हाय. मनिषानंसुद्धा खाली बगितलं. माझ्या पोऱ्यानं डोळे वळवले आणि ते पायलं कुणी, तर मी. देवानं साक्षीदार निवडला तो असा.

म्हणून तू शुक्रवारी ये. साडेदहाला ये, अकराच्या आधी. मना बरं वाटावं म्हणून नाय, मी तुझी कुणी नाय हे मना मान्य. भाविका असंल, अंकिता असंल, त्यांना पलंगाच्या डोक्याशी उभं करायचं. तू काय बोलू नको. शिव्यासुद्धा नको. नायतर ते म्हणतील आवाजाला वळला.

आणि नाय वळले त्याचे डोळे, तर अंकिता घरी न्यायची सही करताना मी तिचा हात अडवणार नाय, हे मी तुला लिहून देते.

तू फक्त दारातून ये आणि त्याच्यासमोरून खिडकीपर्यंत चाल. हळू चाल.

सुमती